हवेचे तापमान, सेन्सर आणि इंजिनाची जुळणी

डिझेलचा भाव प्रत्येक ट्रॅक्टरधारकास तोंडपाठ असतो; परंतु ते डिझेल जाळण्यासाठी इंजिन किती हवा घेते, याचा विचार क्वचितच केला जातो. हवेला भाव नाही, तिची पावती मिळत नाही आणि ती डोळ्यांना दिसत नाही. वस्तुतः एक किलो डिझेल पूर्णपणे जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. आणि काळा धूर न होता पुऱ्या भाराचे काम व्हावयाचे असेल, तर अठरा ते वीस किलो किंवा त्याहूनही अधिक हवा द्यावी लागते. तासाला आठ किलो डिझेल जाळणारा ट्रॅक्टर त्याच तासात जवळजवळ दीड क्विंटल हवा ओढून घेतो. डिझेलमध्ये थोडी घट झाली तर मालक चौकशी करतो. मात्र हवेत दहा टक्के घट झाली तरी ती कोणाच्या ध्यानी येत नाही. ती धुराच्या, तापाच्या आणि वाढत्या खर्चाच्या रूपाने पुढे येते.

ही घट पुष्कळदा हवेच्या तापमानामुळे होते. नवीन इंजिनांत हे तापमान मोजण्यासाठी बोटाएवढा एक लहानसा सेन्सर बसविलेला असतो. त्याचे काम काय, तो बिघडल्याची खूण कोणती आणि त्याच्याशी खेळ केल्यास नुकसान कसे होते, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व यंत्रधारक शेतकऱ्यांनी समजून घेणे हितावह आहे.

हवा लिटरने येते, पण कामास येते किलोने

इंजिनाचा सिलिंडर हे एक ठराविक आकाराचे माप आहे. पिस्टन खाली उतरला की त्या मापात मावेल तेवढी हवा आत शिरते. पायली जशी दाण्याने भरली तरी पायलीच आणि भुशाने भरली तरी पायलीच, तसेच हे माप होय. माप तेच राहते, वजन मात्र बदलते. थंड हवा दाट असते आणि उष्ण हवा विरळ असते. इंधन जाळण्याच्या कामी येतो तो हवेतील प्राणवायू. आणि तो किती मिळाला, हे हवेच्या लिटरांवरून नव्हे, तर वजनावरून ठरते.

वायू तापला म्हणजे किती प्रसरण पावतो, याचा नियम फ्रान्समधील शास्त्रज्ञ गे-ल्यूसॅक याने १८०२ साली प्रसिद्ध केला. त्याच्या आधी शार्ल या शास्त्रज्ञाने तो प्रयोगाने ताडला होता. तापमानाच्या अंशांत २७३ मिळवून जो आकडा येतो, त्याच्या व्यस्त प्रमाणात हवेचे वजन बदलते. शेतावर उपयोगी पडेल असा ठोकताळा त्यातून निघतो : हवा तीन अंशांनी तापली की तिचे वजन सुमारे एक टक्क्याने घटते.

शनिशिंगणापूर परिसरातील दोन टोके

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर, सोनई व घोडेगाव हा परिसर या विषयाच्या अभ्यासास योग्य उदाहरण आहे. हा भाग समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्याने येथे हवेचा दाब कोकणकिनाऱ्यापेक्षा पाच ते सहा टक्क्यांनी कमी असतो. त्यात ऋतूंचा फरक मोठा. पौषातील पहाटे ऊस भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर कारखान्याकडे निघतो, तेव्हा हवा दहा अंशांपर्यंत उतरलेली असू शकते. तोच ट्रॅक्टर वैशाखात भर दुपारी काळ्या रानात नांगरट करतो, तेव्हा हवा बेचाळीस अंशांपर्यंत तापलेली असते. इंजिन तेच, चालक तोच आणि डिझेलही तेच. पण इंजिनात शिरणारी हवा मात्र निराळी.

हिशेब करून पाहू. समजा, २.७ लिटर क्षमतेचे, टर्बो नसलेले एक इंजिन मिनिटास २००० फेऱ्यांनी चालले आहे. चार धावांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांस एकदा हवा आत येते. सिलिंडर पूर्णपणे भरत नाही. तो सुमारे ८५ टक्के भरतो असे धरले, तर मिनिटास २.३ घनमीटर हवा इंजिनात जाते. या परिसरातील दाबास तिचे वजन पुढीलप्रमाणे येते :

१० अंश तापमानास : सुमारे २.७० किलो.
४२ अंश तापमानास : सुमारे २.४२ किलो.
६० अंश तापमानास : सुमारे २.२९ किलो.

साठ अंश हा आकडा वाचून आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. हवानळीचा रबरी सांधा सैल झाला किंवा नळी निसटली, तर इंजिन बाहेरची हवा न घेता बॉनेटखालची, रेडिएटरवरून आलेली गरम हवा ओढू लागते. उन्हाळ्यात ती सहज साठ अंशांपर्यंत जाते, आणि तिच्याबरोबर न गाळलेली धूळही आत जाते.

आता मिनिटास १३५ ग्रॅम डिझेल सोडले, तर थंडीच्या पहाटे दर किलो डिझेलमागे वीस किलो हवा मिळते. वैशाखातील दुपारी तीच हवा अठरा किलोवर येते आणि नळी निसटलेल्या ट्रॅक्टरात सतरा किलोवर. डिझेल एक थेंबही वाढलेले नाही. तरी सायलेन्सरमधून काळा धूर निघू लागतो, कारण जळावयास हवा अपुरी पडते. काळा धूर म्हणजे पैसे देऊन घेतलेले, पण न जळलेले इंधन होय.

पूर्वीची जुळणी कशी होत असे

किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यास स्थापन झाली. त्यानंतरच्या काळात महाराष्ट्रातील विहिरींवर डिझेल इंजिनांचा प्रसार झाला. विहिरीवरील त्या मंदगती इंजिनाचा भार ठरलेला असे. पंप व पाण्याची खोली यांत रोज फरक पडत नसे, आणि इंजिनात हवेची शिल्लक भरपूर ठेवलेली असे. त्यामुळे इंधनपंपाची एकदा केलेली जुळणी वर्षभर चालत असे.

ट्रॅक्टराचे काम निराळे आहे. त्याचा भार क्षणाक्षणास बदलतो. यांत्रिक इंधनपंप दर धावेस ठराविक माप डिझेल देतो. हवा थंड आहे की उष्ण, याची त्यास वार्ता नसते. म्हणून कारखान्यात पंपाची कमाल मर्यादा अशा बेताने ठरविली जाते की, उन्हाळ्यातही धूर मर्यादेत राहावा. हिवाळ्यात हवा अधिक असूनही तिचा पुरा लाभ मिळत नाही. ही त्या पद्धतीची मर्यादा होय. पंपावर जे सील लावलेले असते ते याच जुळणीचे राखण करते. हिवाळ्यात ट्रॅक्टर अधिक ओढावा म्हणून कोणी ते सील तोडून डिझेल वाढविले, तर डिसेंबरात कदाचित फारसे काही दिसणार नाही. परंतु एप्रिल येताच तोच ट्रॅक्टर धूर ओकू लागतो, पाणी तापते आणि पिस्टन व झडपांचे आयुष्य घटते.

पेट्रोलवरील मोटारसायकलींचीही अशीच कथा होती. कार्ब्युरेटर असलेल्या गाडीस थंडीत चोक ओढावा लागे, आणि ऋतू पालटला की मिस्त्री मिश्रणाचा स्क्रू थोडा फिरवून देई. पेट्रोल इंजिनात हे प्रमाण अधिक नाजूक असते. एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा हे योग्य प्रमाण असून त्यात थोडाही फरक पडला की गाडी अडखळते किंवा पेट्रोल अधिक पिते.

स्क्रूचे काम सेन्सरकडे आले

ऋतुमानाप्रमाणे स्क्रू फिरविण्याचे हे काम आज इलेक्ट्रॉनिक नियंत्रक करतो. मिस्त्री त्यास ईसीयू किंवा ईसीएम म्हणतात. १९६७ साली जर्मनीच्या बॉश कंपनीने डी-जेट्रॉनिक ही पेट्रोल-फवारणीची पद्धत फोक्सवॅगनच्या मोटारीत आणली. तिच्यात हवानळीतील दाब व हवेचे तापमान या दोन मोजमापांवरून पेट्रोलचे प्रमाण ठरत असे. पुढील सर्व सुधारणा याच तत्त्वाच्या विस्तार आहेत.

भारतात १ एप्रिल २०२० पासून नव्या मोटारी व मोटारसायकलींस भारत स्टेज सहा हे प्रदूषणमानक लागू झाले, आणि मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. पन्नास अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांस ट्रेम स्टेज चार हे मानक १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले. त्यामुळे या गटातील नवे ट्रॅक्टर इलेक्ट्रॉनिक नियंत्रकावर चालणारे आले. त्यापूर्वीचे व कमी शक्तीचे असंख्य ट्रॅक्टर यांत्रिक पंपाचेच आहेत. म्हणजे एकाच वस्तीवर जुन्या व नव्या अशा दोन्ही तऱ्हांची यंत्रे उभी असतात, आणि दोहोंचे नियम निराळे समजून घ्यावे लागतात.

सेन्सर काम कसे करतो

सेन्सरच्या टोकाशी एका विशिष्ट धातुभस्मापासून केलेला मणी असतो. साध्या तांब्याच्या तारेतून वीज जाण्यास होणारा रोध तापल्यावर वाढतो. या मण्याचे उलट आहे. तो तापला की त्याचा विद्युतरोध झपाट्याने कमी होतो. काही पदार्थांचा हा गुण मायकेल फॅरडे याने १८३३ सालीच नोंदविला होता. बॉशच्या एका प्रचलित सेन्सरचा रोध शून्य अंशास सुमारे ५९०० ओहम, २० अंशांस २५००, ४० अंशांस सुमारे १२०० आणि ६० अंशांस सुमारे ६०० ओहम असतो. इतर कंपन्यांचे आकडे थोडेफार निराळे असतात. म्हणून प्रत्येक यंत्राची पुस्तिका पाहावी.

नियंत्रक या मण्याकडे पाच व्होल्टचा सौम्य विद्युतप्रवाह पाठवितो व परत येणाऱ्या दाबावरून तापमान ओळखतो. शेजारी असलेला दुसरा सेन्सर हवेचा दाब सांगतो. सिलिंडरचे आकारमान कारखान्यातच नोंदलेले असते आणि इंजिनाचे फेरे मोजले जातातच. एवढ्या माहितीवरून नियंत्रक दर धावेस आत आलेल्या हवेचे वजन काढतो. कित्येक इंजिनांत हवेला कोणीही तराजूत घालीत नाही. तिचे वजन असे हिशेबानेच निघते. त्या हिशेबातील तापमान चुकीचे असेल, तर पुढचे सर्व उत्तर चुकते.

शनिशिंगणापुरात घरांना दारे व कुलपे न लावण्याची परंपरा प्रसिद्ध आहे आणि गावाचा व्यवहार परस्परांच्या विश्वासावर चालत आला आहे. नियंत्रकाचा व्यवहारही असाच विश्वासावर चालतो. सेन्सर सांगेल ते तो खरे मानतो. म्हणूनच सेन्सरने खरे सांगणे, आणि माणसाने त्यास खोटे बोलावयास न लावणे, या दोन गोष्टींवर सारी जुळणी उभी असते.

पेट्रोल इंजिनात व डिझेल इंजिनात उपयोग

पेट्रोल इंजिनात तापमानावरून प्रथम पेट्रोलचे प्रमाण ठरते. हवा थंड असेल तर पेट्रोल अधिक, उष्ण असेल तर कमी. दुसरे असे की, उष्ण हवेत मिश्रण वेळेपूर्वीच पेट घेऊन सिलिंडरात ठोके पडण्याचा संभव असतो. ते टाळण्यासाठी नियंत्रक ठिणगी थोडी उशिरा पाडतो. शनी अमावास्येस शिंगणापूरच्या रस्त्यावर वाहनांची रांग लागते. अशा रांगेत भर उन्हात सावकाश सरकणारी मोटार नंतर काही वेळ मंद वाटते, त्याचे एक कारण हेच. हा बिघाड नव्हे, इंजिनाच्या संरक्षणाची व्यवस्था आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटते. येथे तापमानाचा उपयोग मुख्यतः तीन कामी होतो. पहिले, जेवढी हवा आत आली तिच्यात धूर न होता जास्तीत जास्त किती डिझेल जळेल, याची मर्यादा ठरविणे. दुसरे, फवारा केव्हा मारावयाचा ही वेळ ठरविणे. थंड हवेत डिझेल पेटण्यास उशीर लागतो, म्हणून फवारा लवकर मारावा लागतो, नाहीतर पहाटे पांढरा धूर निघतो व इंजिन खडखडते. तिसरे, जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा आत घेण्याची जी व्यवस्था नव्या इंजिनांत असते, तिचे प्रमाण राखणे.

टर्बो, इंटरकूलर आणि उसाचे पाचट

टर्बो असलेल्या इंजिनात हवा दाबून भरली जाते, आणि दाबलेली हवा तापते. सायकलच्या पंपाचे टोक हवा भरताना गरम होते, हा अनुभव सर्वांचा आहे. बेचाळीस अंशांची हवा दुप्पट दाबापर्यंत दाबली, तर ती सुमारे १४० अंशांपर्यंत तापू शकते. असे झाल्यास दाबून मिळविलेले बरेचसे वजन तापून गमावले जाते. म्हणून तिला इंटरकूलर या जाळीतून नेऊन थंड करतात. अशा इंजिनात तापमान-सेन्सर बहुधा या जाळीच्या पुढे, इंजिनाच्या तोंडाशी बसविलेला असतो.

उसाच्या पट्ट्यात या ठिकाणी एक गोष्ट वारंवार घडते. फडात पाचटाचे बारीक तूस, मळणीच्या वेळी सोयाबीन व गव्हाचा भुसा, आणि काळ्या मातीची धूळ रेडिएटर व इंटरकूलरच्या जाळीत अडकते. वारा आरपार जात नाही व हवा तापलेलीच इंजिनात जाते. सेन्सर तसे कळवितो आणि नियंत्रक डिझेल कमी करतो. चालकास ट्रॅक्टर ओढीत नाही असे वाटते. तपासणीत तापमान अधिक दिसते, मग सेन्सर खराब ठरवून नवा आणला जातो आणि तोही तेच सांगतो. येथे सेन्सर निर्दोष असतो. त्याने दिलेली वार्ता खरी असते. ज्वरमापक तापला म्हणून तो फोडून नवा आणल्याने रोग्याचा ताप उतरत नाही. आधी जाळी झाडावी, सांधे पाहावेत, आणि मगच सेन्सरकडे वळावे.

जाळी साफ करताना हवेचा किंवा पाण्याचा झोत वाऱ्याच्या उलट दिशेने, म्हणजे पंख्याकडून बाहेर, सौम्य दाबाने द्यावा. जोराच्या झोताने जाळीची पाती वाकतात. विजेच्या जोडण्यांवर पाणी मारू नये.

सेन्सरला फसविण्याचा घातक उपाय

इंजिनाची शक्ती वाढविण्याच्या नावाखाली या सेन्सरच्या जागी ठराविक रोधाचा एक स्वस्त विद्युतभाग जोडण्याचा प्रकार जगभर चालतो. हा भाग नियंत्रकास सतत थंड हवेची वार्ता देत राहतो. बाहेर वैशाख असताना नियंत्रकास पौष भासतो, आणि तो पौषातल्या हवेला पुरेल एवढे इंधन सोडतो. प्रथम काही दिवस गाडी जोरात चालल्यासारखी वाटते. परंतु हवा वाढलेली नसते. तिचा फक्त भास निर्माण केलेला असतो. वर दिलेल्या हिशेबाप्रमाणे जेथे वीस किलो हवा आहे असे नियंत्रक समजतो, तेथे प्रत्यक्षात अठराच किलो असते. जादा डिझेलचा धूर होतो. धूर काढून टाकणारी गाळणी असल्यास ती लवकर तुंबते, आणि निकास वायूचे तापमान वाढून टर्बो व पिस्टन यांवर ताण पडतो. काजळी इंजिनतेलात मिसळून तेल लवकर काळे व जड होते. पेट्रोल इंजिनात याशिवाय ठोक्यांचे भय राहते, कारण उष्ण हवेसाठी ठिणगी मागे घेण्याची व्यवस्थाच बंद पडते.

हा उपाय स्वस्त नसून उधारीचा आहे. त्याची वसुली पुढे दुरुस्तीच्या बिलात होते. हमीच्या मुदतीतील यंत्रावर असा फेरफार केल्यास हमी नाकारली जाण्याचाही संभव असतो. शेतकऱ्याने असा भाग बसवून घेऊ नये व जुना ट्रॅक्टर विकत घेताना तो बसविलेला नाही ना, हे पाहून घ्यावे.

बिघाडाच्या खुणा व तपासणी

सेन्सरची तार तुटली, तर नियंत्रकास पुऱ्या पाच व्होल्टचा दाब दिसतो व हवा शून्याखाली चाळीस अंश आहे असे वाटते. तारा एकमेकींस चिकटल्या, तर दाब शून्याजवळ येतो व हवा शंभर अंशांहून अधिक तापल्याचे भासते. या दोन्ही गोष्टी असंभव असल्याने नियंत्रक त्या ओळखतो, दिवा लावतो आणि एक ठरीव तापमान गृहीत धरून काम चालू ठेवतो. मोटारींत तार तुटल्याची नोंद पी ०११३ व तारा चिकटल्याची पी ०११२ अशी येते. नव्या ट्रॅक्टरांत इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या हवेच्या तापमानाची नोंद बहुधा एसपीएन १०५ या क्रमांकाने मिळते. अधिक कठीण बिघाड म्हणजे दिवा न लागता तापमान दहा-पंधरा अंशांनी चुकणे. काजळी व तेलाचा थर बसल्यास सेन्सर योग्य तापमान सांगतो, पण उशिरा सांगतो. असा बिघाड हाताने तपासूनच कळतो. त्यासाठी पुढील क्रम ठेवावा.

१. प्रथम हवागाळणी, रबरी नळ्या, पकडपट्ट्या व जाळ्या पाहाव्यात. सेन्सर हवेचे वजन वाढवू शकत नाही. ते काम स्वच्छ व बंदिस्त हवामार्गाचे आहे.

२. सेन्सरची जोडणी व तार पाहावी. कडबा, कांदा वा धान्य साठविलेल्या शेडमध्ये ट्रॅक्टर उभा असल्यास उंदरांनी तार कुरतडण्याचा संभव असतो. जोडणीत हिरवट गंज आहे काय, तेही पाहावे.

३. रात्रभर उभ्या असलेल्या यंत्राची पहाटेची तपासणी सर्वांत उत्तम. इंजिन सुरू करण्यापूर्वी फक्त किल्ली फिरवून तपासणी-यंत्रावर इंजिनात जाणाऱ्या हवेचे व रेडिएटरच्या पाण्याचे तापमान वाचावे आणि शेजारी साध्या तापमापकाने बाहेरची हवा मोजावी. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत. दोन जुळले व तिसरा निराळा असेल, तर दोष त्या तिसऱ्यात शोधावा.

४. तपासणी-यंत्र नसल्यास किल्ली बंद करून जोडणी सोडवावी आणि मल्टीमीटरने सेन्सरचा रोध मोजावा. नंतर सेन्सरजवळ कोमट हवा आणावी. रोध सलगपणे कमी होत गेला पाहिजे. तो मध्येच उडी मारीत असेल, तर सेन्सर बदलावा. आगपेटी किंवा दिव्याची ज्योत मात्र कधीही जवळ नेऊ नये.

५. सेन्सरवर काजळी असल्यास विद्युतजोडण्या साफ करण्याचा फवारा वापरावा व तो पूर्ण वाळू द्यावा. मण्यास तार, सुई वा घासणीने खरवडू नये.

६. कडक उन्हात काही वेळ उभे केलेले यंत्र पुन्हा सुरू केल्यावर तापमान प्रथम अधिक दिसते व चालू लागल्यावर उतरते. यावरून सेन्सर सदोष ठरवू नये.

यांत्रिक पंपाच्या ट्रॅक्टरास हा सेन्सर नसतो. तरी हवेचा नियम त्यासही तोच आहे. अशा ट्रॅक्टराच्या चालकाने स्वतःच सेन्सरचे काम करावे. उन्हाळ्यात दुपारी काळा धूर दिसू लागला, तर एक गिअर खाली घ्यावा किंवा नांगराची खोली थोडी कमी करावी. जड मशागत शक्यतो पहाटे व सकाळी उरकावी. सकाळच्या पंचवीस अंशांच्या हवेत दुपारच्या बेचाळीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे साडेपाच टक्के वजन अधिक असते, आणि ते फुकट मिळते.

खरेदीच्या वेळी कोणता आकडा पाहावा

ट्रॅक्टराची शक्ती हवेच्या तापमानावर अवलंबून असते, ही गोष्ट सरकारी चाचणीतही मानलेली आहे. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेली केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था देशातील ट्रॅक्टरांची चाचणी करते. तेथे इंजिनाची शक्ती नेहमीच्या तापमानात मोजतात, तशीच ४३ अंशांच्या आसपासच्या उष्ण हवेतही मोजतात. चाचणी-अहवालात दोन्ही आकडे दिलेले असतात. ज्या शेतकऱ्याची नांगरट एप्रिल-मे महिन्यांत व्हावयाची आहे, त्याने जाहिरातीतील अश्वशक्तीपेक्षा उष्ण हवेतील शक्तीचा व डिझेलखर्चाचा आकडा पाहावा. दोन आकड्यांतील फरक ज्या यंत्रात कमी, ते उन्हाळी कामास अधिक भरवशाचे समजावे.

वाहनविषयक संशोधनाची दोन मोठी केंद्रे या परिसरापासून दूर नाहीत. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास संस्था अहिल्यानगरजवळच आहे, आणि पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. प्रयोगशाळेत इंजिनाची शक्ती मोजताना हवेचे तापमान व दाब यांची नोंद प्रथम करतात, आणि मिळालेला आकडा ठराविक स्थितीवर आणून मगच निरनिराळ्या इंजिनांची तुलना करतात. एका जागतिक मानकात ही स्थिती २५ अंश तापमान व १०० किलोपास्कल दाब अशी धरली आहे. हवेची नोंद नसलेला अश्वशक्तीचा आकडा तेथे ग्राह्य धरला जात नाही. शेतकऱ्यानेही दोन ट्रॅक्टरांच्या ओढीची किंवा डिझेलखर्चाची तुलना करताना दोन्ही एकाच ऋतूत व एकाच वेळी चालले होते काय, हे विचारावे. एकाचा हिशेब पौषातला आणि दुसऱ्याचा वैशाखातला असेल, तर ती तुलना व्यर्थ होय.

कार्यकर्त्यांनी काय करावे

ऊसतोडणीचा हंगाम संपताना व उन्हाळी नांगरट सुरू होण्यापूर्वी, म्हणजे साधारण मार्चअखेर, गावातील ट्रॅक्टरधारकांस एकत्र बोलावून हवामार्गाची सामुदायिक तपासणी करावी. त्यास एक तापमापक, एक मल्टीमीटर व हवेचा पंप एवढे साहित्य पुरते. शक्य असल्यास कंपनीच्या सेवाकेंद्राकडून तपासणी-यंत्रासह एक माणूस बोलवावा. प्रत्येक ट्रॅक्टरासाठी वहीचे एक पान राखून तपासणीची तारीख, बाहेरचे तापमान, सेन्सरने दाखविलेले तापमान, धुराचा रंग व एकरी डिझेलखर्च लिहून ठेवावा. डिसेंबर व मे अशा दोन नोंदी झाल्या की ऋतुमानाचा फरक किती आणि बिघाडाचा किती, हे ज्याचे त्यास आपल्याच आकड्यांवरून कळेल, आणि बिघाड नसताना नवा सेन्सर घेण्याचा खर्च वाचेल.